दोन्ही हातांना एकदम स्पर्श करून बघा

पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांचा डावा हात हलत होता. मूठ वळत होती, टाचणी टोचली की कळत होतं. तेवढ्यावरून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगून टाकलं, "ताकद आहे, संवेदना आहे. आता सगळं त्यांच्या मनावर आहे." तेव्हापासून हे वाक्य घरात ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. वन्सं तर मला तोंडावर म्हणाल्या, "तू फार लाड करतेस त्याचे."

मी रोज काय बघत होते? दाढी फक्त उजव्या गालाची व्हायची. सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबायची. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपायची, डावीकडची चटणी-कोशिंबीर जागच्या जागी, वर विचारायचे, "आज कोशिंबीर केली नाहीस?" ताट फिरवून ठेवलं की खायचे. हे मी पुढच्या तपासणीत सांगितलं, तर मान वर न करता उत्तर मिळालं, "डोळे दाखवून घ्या." दाखवले. डोळ्यांत दोष नव्हता.

मग हात भाजला. उजव्या हातात चहाचा कप, डावा हात शेजारच्या तापल्या पातेल्याला टेकलेला, आणि ह्यांना पत्ता नाही. सगळे ओरडले, "लक्ष कुठे असतं ह्याचं?" खरा प्रश्न तोच होता. पण तो ह्यांना दटावण्यासाठी विचारला गेला, उत्तर शोधण्यासाठी नाही.

उत्तर दिलं एका तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने. तिने ह्यांना डोळे मिटायला सांगितलं. उजव्या हाताच्या पाठीवर बोट टेकवलं. "उजवा." डाव्यावर टेकवलं. "डावा." मग दोन्ही हातांवर एकदम. "उजवा," हे ठामपणे म्हणाले. तिने पुन्हा केलं. पुन्हा "उजवा". तिचं बोट डाव्या हातावर टेकलेलं मला दिसत होतं आणि ह्यांच्या लेखी ते नव्हतंच. ना यंत्र, ना खर्च, फार तर मिनिटभराचं काम. इतके दिवस हे कुणालाच का सुचलं नाही, या विचाराने माझ्या अंगाची लाही झाली.

याला एक्स्टिंक्शन म्हणतात. त्याचाच मोठा भाऊ म्हणजे निग्लेक्ट, ज्यात एका बाजूकडे लक्षच जात नाही. मेंदूच्या उजव्या भागाला, विशेषतः पॅरायटल लोबच्या आसपास, इजा झाली की हे जास्त आढळतं. स्पर्श मेंदूपर्यंत पोचतो, पण दोन्हीकडून एकदम आला की लक्ष उजवीकडे ओढलं जातं आणि डावा विझतो. इटलीत मिलानच्या बिझियाक आणि लुझाती यांनी 1978 मध्ये अशा रुग्णांना तिथला कॅथेड्रलचा चौक मनाने आठवायला सांगितला. रुग्णांनी एका टोकाला उभं असल्याची कल्पना केली, की मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. समोरच्या टोकाला गेल्याची कल्पना केली, की मघाशी गाळलेल्या. आठवणीतलीसुद्धा डावी बाजू सुटते, तिथे "मनावर घ्या" म्हणून काय होणार? अनेकांना आपल्यात काही बिघडलंय हेच उमगत नाही. तोही आजाराचाच भाग असतो, हट्ट नाही.

म्हणून सांगते. घरी सोडण्याआधी ही दुहेरी स्पर्शाची तपासणी मागून घ्या. घड्याळाचं चित्र काढायला लावा. आकडे उजवीकडेच दाटले तर ते डॉक्टरांपुढे ठेवा. जेवताना डावा हात ताटाशेजारी, नजरेसमोर असू द्या. गरम भांडं डावीकडे ठेवू नका. आंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघायला लावा. व्हीलचेअर हलवण्याआधी डावा हात चाकात तर नाही ना, हे बघा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावा. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय गाडी हातात देऊ नका. रस्ताही एकट्याने ओलांडू देऊ नका. व्यायामात खंड पडू देऊ नका, धीर धरा. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले मनाला लावून घेऊ नका. दोन तास बसून जाणाऱ्यांना काय कळतं?

ह्यांच्यात सुधारणा आहे, हळूहळू. भाजल्याचा व्रण मात्र राहिला. वन्सं आता "लाड" म्हणत नाहीत. चुकलं असंही म्हणालेल्या नाहीत. तुमच्या घरी असं माणूस असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे डोळे मिटवून दोन्ही हातांना एकदम बोट लावा, आणि तो काय सांगतो ते ऐका.