पामिटिक आम्ल : तुपातील, पामतेलातील आणि यकृतातील

२०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ या योजनेतून रेशन दुकानांवर १०० रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिरसाळ्यातील आमच्या चिकित्सालयात एका निवृत्त गुरुजींनी विचारले, “डॉक्टरसाहेब, पामतेलात जे आम्ल असते तेच तुपात असते, असे वाचनात आले. मग तुम्ही पामतेल बंद करायला सांगता आणि तूप चालू ठेवायला, हे कसे?”

आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. पदवी अभ्यासक्रमात मेदाम्लांचे प्रकरण आम्ही शरीरक्रियेच्या तासाला पाठ केले आणि चरकसंहितेतील स्नेहाध्याय संहितेच्या तासाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची वेळ कधी आली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे गुरुजींना उशिरा दिलेले उत्तर होय.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदमाँ फ्रेमी यांनी १८४० मध्ये पामतेलाच्या साबणीकरणातून हे आम्ल वेगळे केले, म्हणून त्यास पामचे नाव मिळाले. १६ कार्बन अणूंची सरळ साखळी, कोठेही द्विबंध नाही, एका टोकास आम्लगट. साखळी सरळ असल्याने रेणू एकमेकांस चिकटून बसतात आणि शुद्ध आम्ल सुमारे ६३ अंश सेल्सिअसपर्यंत घन राहते. एकच द्विबंध असलेले ओलेइक आम्ल १३-१४ अंशांनाच वितळते. पौष महिन्यात पामतेलाच्या पिशवीत तळाशी जो पांढरा साका दिसतो आणि ज्याला लोक भेसळ समजतात, तो या गुणाचाच परिणाम आहे.

पामतेलातील एकूण मेदाम्लांपैकी ४० ते ४५ टक्के पामिटिक असते. गाईच्या तुपात ते २५ ते ३० टक्के, सरकीच्या तेलात २० ते २५, शेंगदाणा तेलात १० च्या आसपास आणि मराठवाड्याच्या जुन्या करडई तेलात अवघे ६-७ टक्के. तेव्हा गुरुजींचे म्हणणे खोटे नव्हते. तुपात हे आम्ल आहे आणि भरपूर आहे.

मात्र मेदाम्ले स्नेहात सुटी नसतात. ग्लिसरॉलच्या तीन जागांवर तीन आम्ले जोडलेली असतात आणि स्वादुपिंडाचा पाचक रस बाहेरच्या दोन जागा तोडतो, मधली तशीच ठेवतो. स्तन्यातील पामिटिक आम्लाचा बहुतांश भाग मधल्या जागी असतो, त्यामुळे तो बालकास सहज शोषता येतो. पामतेलात ते मुख्यतः बाहेरच्या जागांवर असते. तेथून सुटलेले आम्ल आतड्यात कॅल्शियमशी संयोग पावून साबण बनते. पामतेलयुक्त डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या बालकांत मल कठीण होण्याची तक्रार आपण सर्वच ऐकतो, तिचे एक कारण येथे आहे. गाईच्या दुधातील स्नेहातही या आम्लाचा बराच हिस्सा मधल्या जागी असतो. परंतु एवढ्यावरून तुपाचा जयजयकार करण्याचे कारण नाही. प्रौढांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवर या जागेचा ठळक परिणाम आढळत नाही.

हे आम्ल शरीरास परके नाही. फुप्फुसातील वायुकोश मिटू न देणारा जो स्निग्ध थर असतो, त्याचा प्रमुख घटक पामिटिक आम्लाच्या दोन साखळ्यांनी बनलेला आहे. हा थर पुरेसा तयार होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास श्वास घेणे जड जाते. त्वचेतील ओलावा राखणारी सिरॅमाइडे याच आम्लापासून सुरू होतात. यकृतात जीवनसत्त्व अ साठविले जाते तेही मुख्यतः पामिटेट रूपात. अनेक प्रथिनांना पेशीपटलाशी बांधून ठेवणारी दोरी हीच. आणि इंधन म्हणून पाहिले तर एका रेणूच्या पूर्ण ज्वलनातून १०६ एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत १२९ हा आकडा होता, तो आमच्या पिढीने पाठ केलेला आहे, आता विसरावा.

वैद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढे आहे. पामिटिक आम्ल खाल्लेच पाहिजे असे नाही, यकृत ते स्वतः बनविते. साखर, मैदा, गूळ यांतील अतिरिक्त कर्बोदकांपासून दोन-दोन कार्बन जोडीत साखळी १६ वर येते आणि तेथे थांबते. इन्सुलिन या कामास चालना देते. म्हणजे तूप-तेल न खाणाऱ्याच्या शरीरातही पामिटिक आम्ल वाढू शकते.

सिरसाळ्यातील एका व्यापाऱ्याने तूप दोन वर्षे वर्ज्य केले होते. तरीही त्याची ट्रायग्लिसराइडे चढलेली आणि यकृतात मेद. चौकशीत कळले की दुकानावर बसून दिवसाकाठी दहा-बारा कप गोड चहा आणि सोबत बिस्किटे. व्यायाम नाही, दिवास्वाप नित्याचा. याउलट दिवाळीनंतर कारखान्यांकडे जाणारे आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पहाटेपासून कोयता चालवितात. त्यांच्या शरीरात बनलेले वा खाल्लेले आम्ल साठण्यापूर्वीच जळते. व्यापाऱ्यास आम्ही साखर पूर्ण बंद, ज्वारीची भाकरी, सायंकाळी चालणे आणि भातावर चमचाभर तूप असे पथ्य दिले. चार महिन्यांनी ट्रायग्लिसराइडे उतरली.

हे आम्ल पेशींत मर्यादेबाहेर साचले की त्यापासून होणारी सिरॅमाइडे इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. प्रमेहाच्या दूष्यांत चरकाचार्यांनी बहु व अबद्ध मेद सांगितला आहे. दोन्हींचे समीकरण मांडणे घाईचे ठरेल, परंतु प्रमेही रुग्णाच्या आहारात केवळ तुपाकडे बोट दाखवून साखर-मैद्याकडे काणाडोळा करणारा सल्ला दोन्ही शास्त्रांत बसत नाही.

आता आमची चूक. संधिगत वाताच्या एका ५८ वर्षीय रुग्णास आम्ही घृत सुरू केले. उपशय मिळाला म्हणून ते तसेच चालू राहिले, सहा महिने, रोज चार-पाच चमचे, जेवणातील तूप वेगळे. त्यांच्या घराण्यात हृद्रोग आहे हे आम्ही विचारलेच नव्हते. पुढे तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले आढळले. पामिटिक आम्लाने एलडीएल वाढते हे निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या २००३ च्या अहवालात त्याची गणना हृद्रोगाचा धोका वाढविणाऱ्या घटकांत आहे, आणि ते तुपातून आले म्हणून अपवाद होत नाही. शास्त्राचेही चुकले नव्हते. शोधनार्थ स्नेहपान सात दिवसांपुढे न्यायचे नाही, कारण पुढे स्नेह सात्म्य होतो. कफ-मेद वाढलेल्यांस व मंदाग्नी असलेल्यांस ते निषिद्ध आहे. काल, मात्रा, अग्नी यांचा विचार आम्ही सोडला होता.

दुसरी अडचण तुपाच्या शुद्धतेची. वनस्पती तूप ओळखता यावे म्हणून त्यात तिळाचे तेल मिसळण्याचा नियम होता. भेसळ असल्यास हायड्रोक्लोरिक आम्ल व फर्फ्युरॉल घालताच लाल रंग येई. थेट पामतेल मिसळले तर ही परीक्षा मुकी राहते. मग आखूड साखळीच्या आम्लांवर आधारलेले राइकर्ट-माइसल मूल्य काढावे लागते. त्यातही आपल्याकडे गुंता आहे. कापूसपट्ट्यात जनावरांना सरकी व सरकी पेंड घालतात, तिने शुद्ध तुपातही हे मूल्य उतरते आणि तूप कठीण होते. यासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्याला निराळे मानक होते. केवळ कठीणपणावरून शेतकऱ्याच्या तुपाला बनावट म्हणू नये.

आम्ही सिद्ध घृतासाठी आता बाजारचे तूप घेत नाही. परिचितांच्या दोन घरांतून लोणी आणतो, चिकित्सालयातच कढवितो आणि त्या महिन्यात गाईस कोणती पेंड होती ते बरणीवर लिहून ठेवतो. गुरुजींना हे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की दिवसाला किती चमचे. त्यांचा रक्तदाब, पोट आणि घराण्याचा इतिहास पाहून आम्ही एक चमचा सांगितला, तळण मात्र बंद.