सावता माळी : प्रभावशोधाची एक कसोटी

कवीवरील प्रभावांचा शोध घेताना अभ्यासक बहुधा ग्रंथांकडे वळतो. माढा तालुक्यातील अरणचे संत सावता माळी (समाधी १२९५) या पद्धतीची मर्यादा दाखवून देतात. त्यांचे ३७ च्या आसपास अभंग उपलब्ध असून ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. या रचनेच्या गेयतेवर वारकरी भजन-कीर्तनाचा संस्कार आहे; प्रतिमासृष्टी मात्र मळ्यातली आहे. भाजीपाला, मोट, विहीर यांतच विठ्ठलाचे दर्शन घडते. नरहरी सोनार आणि सेना न्हावी यांच्या अभंगांतही व्यवसायाची परिभाषा अशीच अध्यात्मवाचक होते. म्हणजेच श्रम हा येथे केवळ वर्ण्यविषय नसून काव्यदृष्टी घडविणारा प्रभाव ठरतो. तो ग्रंथांत सापडत नाही, म्हणून नाकारता येत नाही.