अटकेची नोंद आणि निकालाची नक्कल

देवळाली प्रवरा हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे शहर. ऊसशेती व साखर कारखानदारी यांच्या आधाराने वाढलेल्या अशा लहान शहरात बातमी पसरावयास वेळ लागत नाही. एखाद्या घरातील मुलास रात्री पोलिसांनी नेले, हे सकाळी बाजारपेठेत सर्वांस ठाऊक असते. परंतु कोणत्या गुन्ह्यात नेले, कोठे ठेवले आणि न्यायालयासमोर केव्हा उभे केले, हे पुष्कळदा त्याच्या आईवडिलांनाही सांगता येत नाही. काही वर्षांनी तोच मुलगा निर्दोष सुटतो, ती बातमी मात्र बाजारपेठेपर्यंत पोहोचत नाही. नोकरीची चौकशी आली किंवा सोयरीक जुळू लागली की लोकांना जुनी अटक तेवढी आठवते. अशा वेळी हाती अधिकृत कागद असणे फार मोलाचे ठरते.

प्रारंभ अटकेपासून करू. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली अटकेसंबंधी जे दंडक घालून दिले, त्यांतील बरेचसे पुढे कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटकेचे ज्ञापन तयार करावे लागते. त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष असते व अटक झालेल्या इसमाची सही असते. कलम ३७ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसेल असा एक अधिकारी नेमावयाचा असून, अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात तसेच जिल्हा मुख्यालयी ठळकपणे प्रदर्शित करावयाचे आहे. म्हणजे ही माहिती विचारणे म्हणजे कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे. अटकेची खबर नातेवाइकास अथवा मित्रास देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्या इसमास दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे हेही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे. हजर केल्याच्या क्षणापासून न्यायालयाची नोंद सुरू होते.

ठाण्यात विचारणा करताना एक गोष्ट प्रथम टिपून घ्यावी. ती म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष, ज्यास व्यवहारात 'गु.र.नं.' म्हणतात. नावाने शोध घेणारा फसतो, क्रमांकाने शोधणारा सहसा फसत नाही. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. शिवाय २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचार व दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे सोडून, प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावयाची असते. आरोपपत्राची गोष्ट वेगळी. त्याची प्रत आरोपीस विनाशुल्क द्यावी लागते, परंतु ते सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तपासाची केस डायरी तर कोणासही मागता येत नाही.

नोंद सापडली नाही म्हणून अटकच झाली नव्हती, असा निष्कर्ष घाईने काढू नये. सण-निवडणुकांच्या तोंडावर किंवा बांधावरील भांडणात शांतताभंग टाळण्यासाठी जी प्रतिबंधक कारवाई होते, तिची प्रकरणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसील कार्यालयात चालतात. न्यायालयाच्या यादीत ती दिसत नाहीत. दारूबंदीच्या गुन्ह्यात राज्य उत्पादन शुल्क विभागाने व वनगुन्ह्यात वन विभागाने केलेल्या अटकेची पहिली नोंद त्या त्या विभागाकडे असते. अदखलपात्र तक्रारीत तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज पोलीस तपासच करीत नाहीत.

तपासाअंती प्रत्येक गुन्ह्यात आरोपपत्र जातेच असेही नाही. महाराष्ट्रात 'समरी' नावाची जुनी पद्धत आहे. गुन्हा खरा परंतु तपास लागला नाही तर 'अ', खोटी व हेतुपुरस्सर दिलेली फिर्याद असल्यास 'ब', आणि वस्तुस्थितीच्या गैरसमजाने किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून फिर्याद झाली असल्यास 'क' समरी मागितली जाते. तिला मंजुरी न्यायालय देते. ज्याच्याविरुद्धची फिर्याद 'ब' समरीने निकाली निघाली, त्याने त्या मंजुरीच्या आदेशाची नक्कल अवश्य काढून ठेवावी. दुर्दैवाने, हा कागद मागावयाचा असतो हेच कित्येकांस ठाऊक नसते.

न्यायालयातील शोध आता घरबसल्या करता येतो. ई-न्यायालय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकांचा एकमेव क्रमांक असतो. पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक, किंवा पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांवरूनही प्रकरण सापडते. येथे आपल्या शहरापुरती एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नुसते 'देवळाली' शोधले की नाशिकजवळची देवळाली पुढे येते आणि भलत्याच माणसाच्या गुन्ह्याचा डाग आपल्या माणसावर लागतो. एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसे तालुक्यात कितीतरी असतात. रोमन लिपीतील नावाची वर्णाक्षरेही निरनिराळी. यास्तव वडिलांचे नाव, वय व गाव जुळल्याखेरीज नोंद त्याच व्यक्तीची मानू नये. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी त्यापूर्वीच्या कागदांवर अहमदनगर हेच नाव आहे, हेही ध्यानी ठेवावे.

संकेतस्थळावरील तपशील माहितीपुरता असतो. नोकरीच्या वा पारपत्राच्या कामी प्रमाणित नक्कलच लागते. प्रकरणातील पक्षकारास नक्कल अर्जावर ती मिळते. त्रयस्थास उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे प्रयोजन सांगून अर्ज करावा लागतो. न्यायालयीन कागदांच्या नकलांसाठी माहिती अधिकाराचा मार्ग सहसा चालत नाही, कारण न्यायालयाचे स्वतःचे नियम असता तेच वापरावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निर्णय आहे. पोलिसांकडील माहितीसाठी मात्र तो अधिकार उपयोगी आहे. सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची, पण व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. तपासास बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. बालकाची अथवा लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख प्रकट करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे.

प्रकरण निकालात निघाल्यानंतर नक्कल काढण्यास दिरंगाई करू नये. सर्वच कागद सारख्या मुदतीपर्यंत जपले जात नाहीत. निकालपत्र दीर्घकाळ राहते, इतर कागद ठरावीक काळाने नष्ट होतात. अर्जात प्रकरण क्रमांक, निकालाची तारीख व न्यायाधीशाचा हुद्दा लिहिला, तर अभिलेख कक्षातील कारकुनाचा शोध अर्ध्यावर येतो. जामीनदारास कागद परत घ्यावयाचे असतील तर त्याचा अर्ज त्याच फेरीत द्यावा.