रुखवताची हजेरी : हातकामाचा भाव कसा काढायचा?



या अंकातला धडा आहे घरच्या कार्यातल्या हातकामाचा. लग्नातलं रुखवत, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने, बारशाचा सजवलेला पाळणा आणि आता गावोगाव पोचलेला वाढदिवसाचा केक. आपल्या गटांतल्या बायका हे सगळं करतात आणि छान करतात. पण समोरच्या बाईनं "किती द्यायचे?" असं विचारलं की आपण पदर सावरतो आणि म्हणतो, "द्या काय वाटंल ते." त्या एका उत्तरात आपलं सगळं नुकसान होतं. म्हणून आज बाकी काही शिकण्याआधी भाव काढायला शिकू.

हजेरी कुणाच्या कामाला लागते?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या, सासवा खडी फोडायला गेल्या. ते काम फार कष्टाचं होतं, पण त्याला हजेरीपट होता. किती दिवस भरले ते लिहिलेलं असायचं आणि त्याप्रमाणं मजुरी मिळायची. त्याच आज्यांनी रात्री चिमणीच्या उजेडात पुतणीच्या लग्नाचं रुखवत केलं. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, खोबऱ्याच्या वाट्यांवरची नक्षी, मोत्यांचं तोरण, सप्तपदीची सात पावलं. त्या कामाला हजेरी कधी लागली नाही.

आजही तसंच आहे. लग्नात आहेराची वही असते. मामानं ५०१ रुपये दिले तर ते वहीत लिहितात. मामीनं पंधरा रात्री जागून रुखवत केलं, तर सगळे "हात चांगलाय हो" म्हणतात आणि वहीत काहीच लिहीत नाहीत. मग मामीला स्वतःलाही वाटायला लागतं की आपण काही दिलंच नाही.

नात्यात पैसे मागा असं मी सांगत नाही. घरच्या लेकीला प्रेमानं द्यायचं ते द्याच. पण काय दिलं ते आपल्याला माहीत पाहिजे. आणि जे नात्यातलं नाही, त्याचे पैसे घेताना लाज वाटता कामा नये. दोन्हीसाठी आधी हिशेब यावा लागतो.

पहिली पायरी : आपल्या तासाचा भाव

सामानाचा हिशेब आपण बरोबर ठेवतो. चुकतो तो वेळेचा. वेळेला भाव लावायचा तर कुठून सुरुवात करायची? रोजगार हमीची मजुरी हा सोपा आधार आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये झाले. आपण सोयीसाठी ४० धरू.

हा सगळ्यात खालचा भाव आहे, हे लक्षात ठेवा. खडी टाकायला जेवढं कौशल्य लागतं, त्याहून जास्त कौशल्य मुकुटाला लागतं. हात बसला, गिऱ्हाईक वाढलं की ५० करा, ६० करा. पण ४० च्या खाली जायचं नाही.

दुसरी पायरी : हलव्याच्या दागिन्यांचा हिशेब

आधी कामाबद्दल थोडं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवी सून काळी साडी नेसते आणि हलव्याचे दागिने घालते. लहान लेकराचं बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात. म्हणजे गिऱ्हाईक जानेवारीतच येणार, आणि आपल्याला काम डिसेंबरात सुरू करावं लागणार.

हलवा घरी करायचा असेल तर जाड बुडाची परात अगदी मंद आचेवर ठेवायची. त्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा. वरून चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. एक थर वाळला की दुसरा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. हवा थंड आणि कोरडी असली की काटा चांगला येतो. ढगाळ, दमट दिवशी बसू नका. हे काम दोन-तीन दिवस चालतं. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी तयार हलवा आणावा आणि फक्त दागिने करावेत. त्यात कमीपणा काही नाही.

आता बोरन्हाणाचा एक संच धरू. मुकुट, हार, बाजूबंद, कडी आणि बासरी. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा.

हलवा : ७० रुपये
पुठ्ठा, बेगड, मणी, दोरा : ६० रुपये
डबा : ३० रुपये
सामान आणायला जाण्या-येण्याचा वाटा : २० रुपये
वेळ, ६ तास × ४० : २४० रुपये
एकूण खर्च : ४२० रुपये

यावर १५ टक्के नफा धरा, म्हणजे ६३ रुपये. विक्रीचा भाव झाला ४८३, म्हणजे ४८० ते ५००.

"नफा कशाला? मजुरी तर धरली की," असं बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं. मजुरी ही तुमच्या हातांची. नफा हा धंद्याचा. डब्याला मुंग्या लागल्या, दागिना वाटेत मोडला, ऑर्डर देणारी बाई आलीच नाही, कात्री नवी घ्यावी लागली, हे सगळं त्या ६३ रुपयांतून निघतं.

आता उलटा हिशेब बघा. शेजारीण म्हणाली, "दोनशेत दे गं." तुम्ही दिलं. सामान आणि प्रवासाचे १८० गेले. हातात राहिले २०. सहा तासांचे २० म्हणजे तासाला जेमतेम साडेतीन रुपये सुद्धा नाहीत. हा आकडा एकदा स्वतःच्या हातानं कागदावर लिहा. पुढच्या वेळी "द्या काय वाटंल ते" तोंडातून निघणार नाही.

तिसरी पायरी : केकचा हिशेब

केकची गोष्ट जरा वेगळी आहे. रुखवत आणि हलव्याचं काम करणारी माणसं कमी आहेत. केक मात्र परभणीत, सेलूत, गंगाखेडात बेकरीवर मिळतो. बेकरीवाला एका वेळी वीस स्पंज भाजतो, आपण एक. म्हणून इथं हिशेब आणखी नीट पाहिजे.

अर्धा किलोचा बिनअंड्याचा केक समजा.

मैदा, साखर, तेल, दूध, क्रीम वगैरे : १५० रुपये
खालचा पुठ्ठा, खोका, मेणबत्ती, सुरी : ३५ रुपये
गॅस आणि वीज : १५ रुपये
वेळ, अडीच तास × ४० : १०० रुपये
एकूण खर्च : ३०० रुपये

१५ टक्के नफा धरून ३४५ रुपये. बेकरीत तोच केक यापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर भाव पाडून स्पर्धा करू नका. दोन मार्ग आहेत.

एक, तीन ऑर्डरी एकाच दिवशी घ्या. तीन केक वेगवेगळ्या दिवशी केले तर साडेसात तास लागतात. एकत्र केले तर एकदाच मळणं, एकदाच क्रीम फेटणं, एकदाच भांडी. समजा पाच तासांत काम झालं, तर एका केकला मजुरी पडते ६७ रुपये. खर्च येतो २६७ वर आणि नफा धरून भाव होतो साधारण ३१० रुपये.

दोन, बेकरीत जे मिळत नाही ते द्या. कुणाच्या बारशाला केकवर पाळणा हवा, कुणाच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला बैलजोडी हवी, कुणाला पैठणीच्या काठाची नक्षी हवी. तिथं आपला हात चालतो आणि अशा कामाचे वेगळे पैसे लावता येतात.

नक्षी अवघड वाटते, पण तिचा सराव आपल्याला आधीच आहे. मेंदीचा कोन धरणारी बाई क्रीमचा कोन धरू शकते. रांगोळीत ठिपक्यांचा अंदाज असतो, तोच इथं. सरावासाठी महागडं क्रीम वाया घालवू नका. बटाटा उकडून अगदी मऊ करा, थोडं दूध घाला, कोनात भरा आणि स्टीलच्या ताटाच्या पाठीवर रेघा, वेली, फुलं काढा. पुसा, पुन्हा भरा. आठ दिवस रोज अर्धा तास केलंत तर हात थरथरणं थांबतं.

आपल्या उन्हाचा विचार

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि लग्नंही तेव्हाच असतात. क्रीमचा केक मांडवात अर्ध्या तासात खाली बसतो. त्यात वीज गेली तर फ्रीजही उपयोगाचा नाही. म्हणून उन्हाळ्यात बिनक्रीमचा केक सुचवा. वर काजू-बदामाची रांगोळी, किंवा कागदावर नक्षी कापून ती केकवर ठेवायची आणि पिठीसाखर चाळणीनं भुरभुरायची. कागद हलक्या हातानं उचलला की नक्षी उमटते. खर्च कमी आणि वितळायची भीती नाही.

क्रीम वापरायचंच असेल तर स्पंज पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका. क्रीम फेटायचं भांडंही आधी गार करून घ्या. केक संध्याकाळी, कार्यक्रमाच्या जवळच पोचवा.

सजावट पोटात जाणार आहे

हा भाग घाईत वाचू नका. लेकरं सजावटच आधी खातात.

• रंग खाण्याचाच हवा. आपल्या देशात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि तेही ठरलेल्या पदार्थांत, ठरलेल्या प्रमाणात. रांगोळीचा, कपड्याचा किंवा पुडीवर काहीच न लिहिलेला रंग घेऊ नका. २०२४ मध्ये तामिळनाडूनं "म्हातारीचे केस" विकण्यावर बंदी घातली, कारण त्यात ऱ्होडामाइन बी हा कपड्याचा रंग सापडला होता.
• चमकी घेताना ती "खाण्यायोग्य" आहे असं लिहिलेलं बघा. कार्डाला लावायची चमकी केकवर चालत नाही.
• शेतातली, बाजारातली फुलं केकवर टेकवू नका. त्यांवर फवारणी झालेली असते. कण्हेर तर विषारी आहे.
• आत टाचण्या, तार नको. काड्या वापरल्या तर मोजून घाला आणि किती आहेत ते गिऱ्हाइकाला सांगा.
• हलव्याचे दागिने डिंकानं किंवा गरम गोंदानं चिकटवले असतील तर ते खायचे नाहीत. लेकरासाठी खायचा हलवा वेगळ्या पुडीत द्या.
• केकमध्ये अंडं असेल तर ऑर्डर घेतानाच सांगा. हा विश्वासाचा प्रश्न आहे.

ऑर्डर घेताना

तोंडी ऑर्डर घेऊ नका. वहीत तारीख, वेळ, वजन, नक्षी, नाव आणि ठरलेला भाव लिहा आणि समोरच्याला वाचून दाखवा. जमीन घेताना इसार देतात, तसा इथंही निम्मा पैसा आधी घ्या. सामान आणायला स्वतःचा किंवा गटाचा पैसा अडकत नाही आणि ऑर्डर मोडत नाही.

खाण्याचं विकणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११ च्या नियमांप्रमाणं वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्या छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची फी वर्षाला १०० रुपये ठरली होती. अर्ज ऑनलाइन भरतात, तेव्हा त्या दिवशीची फी आणि अट पोर्टलवर बघून घ्या. तिसऱ्या माणसाला जास्तीचे पैसे देऊ नका. कागद जुळवायला आपल्या गावच्या सीआरपी ताई मदत करतील. नीट शिकायचं असेल तर आरसेटीमध्ये, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, मोफत प्रशिक्षणं होतात. बेकरीची तुकडी कधी आहे ते विचारा.

नात्यातलं काम आलं तर

जावेच्या लेकीचं लग्न आहे, पैसे कसे मागणार? नका मागू. पण हिशेब मांडा. सामान आणि वेळ धरून रुखवत समजा ३,००० रुपयांचं झालं. सामानाचे पैसे घरच्यांनी द्यावेत असं आधीच बोला. राहिलेली मजुरी आपला आहेर म्हणून द्या आणि आहेराच्या वहीत लिहायला लावा : "रुखवत, हातकाम, इतके रुपये." पहिल्यांदा लोक हसतील. दुसऱ्या लग्नात विचारून लिहितील. घरातल्या मुलीही बघत असतात की आईच्या कामापुढं आकडा लागला.

पुढच्या बैठकीपर्यंतचा अभ्यास

१. मागच्या वर्षभरात केलेलं एक हातकाम आठवा. केक, रुखवत, तोरण, पाळणा, काहीही.
२. त्याचं सामान, प्रवास आणि लागलेले तास लिहा. तास आठवत नसतील तर किती रात्री बसलात ते आठवा.
३. ४० रुपये तासानं मजुरी काढा, १५ टक्के नफा मिळवा.
४. तेव्हा खरोखर किती मिळाले ते शेजारी लिहा.
५. दोन आकड्यांमधला फरक बैठकीत मोठ्यानं वाचा.

लिहिता न येणाऱ्या ताईंसाठी शेजारच्या ताईनं लिहावं. गटाचे लेखे आपण दर बैठकीला लिहितो, एक रुपया चुकला तरी शोधतो. आता त्याच वहीच्या मागच्या पानावर आपल्या हाताचीही हजेरी लावा. सगळ्यांचे आकडे आले की ग्रामसंघाच्या बैठकीत आपल्या गावाचा एक भावफलक ठरवू, म्हणजे एकीनं ५०० सांगायचे आणि दुसरीनं २०० त द्यायचं, हे थांबेल.

तुमची,
प्रभाग समन्वयक