चूक झाली तर सांगणारा बोर्ड

३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या नव्याकोऱ्या ६ सिरीज चिपसेटची रवानगी थांबवली. प्रोसेसरमध्ये काहीच खोट नव्हती. खोट होती चिपसेटमधल्या एका ट्रान्झिस्टरमध्ये. त्याला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत होतं, करंट झिरपत होता आणि त्यापायी सहापैकी चार साटा पोर्ट हळूहळू कमजोर होण्याचा धोका होता. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने ७० कोटी डॉलर धरला. दुकानात मदरबोर्ड लावून बघताना हा दोष दिसण्यासारखाच नव्हता. तो दिसायचा तर पुढे, डिस्कवर माणसांचा डेटा साठल्यावर.

डेटाबेससाठी सर्व्हर घेताना चर्चा प्रोसेसरची होते, कोअरची होते, रॅम किती याची होते. बोर्ड मात्र व्हेंडरवर सोडलेला असतो. कोटेशनमध्ये त्याच्या वाट्याला एक ओळ येते. माझ्या मते बोर्ड सगळ्यात आधी ठरवावा, आणि तो ठरवताना वेगाच्या आधी एक प्रश्न विचारावा: याच्या हातून चूक झाली, तर हा ती सांगेल का?

हा प्रश्न न विचारणं किती महागात पडू शकतं, ते एका पतसंस्थेत जवळून बघायला मिळालं. असेंबल केलेला सर्व्हर, गेमिंगसाठी विकला जाणारा बोर्ड, साधी रॅम, त्यावर पोस्टग्रेस. मशीन कधी हँग झालं नव्हतं. तक्रार आली ती काउंटरवरून. खातेक्रमांक टाकून शोधलं की एक ठेवीदार सापडत नव्हता. शाखेची पूर्ण यादी काढली की त्यात तो होता. इंडेक्सचं पान बिघडलं होतं. मला बोलावलं तोवर सगळं खापर प्रोग्रामरच्या माथी फुटलेलं होतं. रात्रभर मेमटेस्ट चालवला, तर सकाळी पडद्यावर लाल ओळी. एका स्टिकमध्ये ठरावीक पत्त्यावर तोच बिट पुन्हा पुन्हा उलटत होता. मग जुने बॅकअप ताडून पाहिले, तेव्हा काही रकमाही बदललेल्या निघाल्या. बॅकअप रोज होत होता, आणि त्यात त्या चुकीच्या रकमा इमानेइतबारे उतरत होत्या.

‘डेटाबेसला चेकसम असतो ना?’ असं इथे कुणीही विचारेल. असतो, पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीत तर तो मुळातच चालू असतो. पण चेकसम काढला जातो तो पान डिस्कवर लिहिताना. पान त्याआधीच रॅममध्ये बिघडलं असेल, तर चुकीच्या मजकुरावर बिनचूक शिक्का बसतो. डिस्कचा खोटेपणा त्याने पकडता येतो, मेमरीचा येतोच असं नाही.

म्हणून ईसीसी रॅम. डीडीआर४मध्ये दर ६४ बिटांसोबत ८ बिट जास्तीचे असतात. त्यांच्या बळावर एका बिटाची चूक जागेवर दुरुस्त होते आणि दोन बिटांची निदान लक्षात येते. हा खर्च नाहक वाटत असेल त्यांनी २००९ साली बियांका श्रोडर आणि गूगलच्या संशोधकांनी केलेला अभ्यास आठवावा. गूगलच्या सर्व्हरांपैकी साधारण एक तृतीयांश मशीनवर वर्षभरात मेमरीची एक तरी चूक नोंदली गेली होती. एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त असते, हेही त्यातून दिसलं. म्हणजे चूक दुरुस्त होणं जितकं गरजेचं, तितकीच तिची नोंद होणंही.

खरी फसगत ब्रोशरमध्ये होते. ‘ईसीसी रॅम चालते’ असं ठळक छापलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात ‘नॉन-ईसीसी मोडमध्ये’. म्हणजे स्टिक बसेल, मशीन सुरू होईल, तपासणी मात्र बंद. डीडीआर५च्या ‘ऑन-डाय ईसीसी’नेही हुरळून जाऊ नये, ती चिपच्या आतल्या आत चूक सुधारते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं संरक्षण नसतं. त्यामुळे कागदावर विसंबू नये. लिनक्सवर डीएमआयडीकोड चालवावं. डीडीआर४ असेल तर एकूण रुंदी ७२ आणि डेटाची रुंदी ६४ दिसली पाहिजे. दोन्हीकडे ६४ दिसलं, तर बोर्ड व्हेंडरला परत करावा. ७२ दिसलं तरी ते पुरेसं नाही. एडॅक ड्रायव्हर लोड होऊन चुकांची मोजणी सुरू झाली आहे, हेही बघावं.

नंतर येतात कपॅसिटर. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने विकलेल्या सुमारे १ कोटी १८ लाख संगणकांना सदोष कपॅसिटरचा धोका होता, आणि २००५मध्ये कंपनीला त्यापायी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. वरचं झाकण फुगायचं, तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. आता चांगल्या बोर्डांवर सॉलिड पॉलिमर कपॅसिटर असतात, तरी उष्णता हा वैरी आहेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. जळगाव-नागपूरकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत, फाइलींच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेल्या सर्व्हरसाठी हा हिशेब फार खरा आहे.

आणखी एक काळजी. २०१७मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसरमधला दोष उघड झाला. क्लॉकचा सिग्नल बंद पडायचा आणि मशीन पुन्हा सुरूच व्हायचं नाही. हा प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असल्यामुळे बदलायचा तर अख्खा बोर्ड. तेव्हा खरेदीआधी प्रोसेसर आणि चिपसेटची इराटा यादी, म्हणजे ज्ञात दोषांची यादी, वाचावी, आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलचा जादा बोर्ड आजच घेऊन ठेवावा. तीन वर्षांनी तो बाजारात मिळेलच, याची हमी कुणी देत नाही.

बीएमसी, म्हणजे बोर्डावर देखरेख ठेवणारा वेगळा छोटा प्रोसेसर, असलेला बोर्ड मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजावेत. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो आणि तापमान, व्होल्टेज, मेमरीच्या चुका स्वतःच्या लॉगमध्ये टिपतो. त्याचं नेटवर्क पोर्ट इंटरनेटला जोडू नये, वेगळं ठेवावं. आणि डेटा भरण्याआधी दोन कामं करावीत: पूर्ण रॅमवर निदान एक रात्र मेमटेस्ट, आणि बीएमसीचा इशारा ज्याच्या मेलवर जायचा, त्याला एक चाचणी मेल खरंच पोचतो का ते पाहणं.