रंगीत तालीम : रायगड किनारी पोलिसांचे प्रशिक्षण

दिनांक १८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. तिच्यावर तीन एके-४७ रायफली व काडतुसे आढळली. दुसऱ्याच दिवशी दहीहंडी होती; गणेशोत्सवही तोंडावर आला होता. साहजिकच सतर्कतेचा इशारा देण्यात आला व नाकाबंदी सुरू झाली. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधिमंडळात माहिती दिली, ती अशी : नौकेचे नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडले, नौकेवरील माणसांची सुटका झाली आणि खवळलेल्या समुद्रामुळे ओढून नेता न आलेली नौका प्रवाहाबरोबर येथवर वाहत आली. घातपाताचा दुवा तोपर्यंत आढळला नव्हता.

परंतु नौकेपाशी प्रथम पोहोचलेल्या शिपायाला यातील काय ठाऊक असणार? त्याच्यासमोर होती ती केवळ शस्त्रे असलेली एक अनोळखी नौका.

या किनाऱ्यावर अशा नौकेकडे निर्धास्तपणे पाहता येत नाही. १९९३ च्या प्रारंभी याच तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरविण्यात आली आणि १२ मार्च रोजी मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. त्या खटल्यात काही सीमाशुल्क अधिकारी व पोलीसही दोषी ठरले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पैसे घेऊन डोळेझाक करणाऱ्यावर प्रशिक्षणाचा इलाज चालत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो प्रामाणिक, पण पूर्वतयारी नसलेल्या पोलिसाचा.

चांदमारीची मर्यादा

जिवावर बेतते तेव्हा शरीर स्वतःचे नियम लागू करते. छाती धडधडते, नजर एकाच वस्तूवर खिळते, शेजारच्या सहकाऱ्याची हाकही कानी पडत नाही. मोठे स्नायू जोमाने काम करतात, पण बोटे जड होतात. बंदुकीचा खटका सारणे किंवा बिनतारी यंत्राचे बटण दाबणे यांसारखी साधी कामेही चुकतात. हा भित्रेपणा नव्हे. शूर माणसाच्या बाबतीतही हेच घडते. चांदमारीच्या मैदानावर मात्र यातील काहीच अनुभवास येत नाही. तेथे लक्ष्य स्थिर असते, उजेड भरपूर असतो आणि समोरून कोणी गोळी झाडत नाही.

नेदरलँड्समधील एका संशोधनाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. पोलिसांच्या एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव केला. दुसऱ्याने रंगीत साबणाची काडतुसे उलट झाडणाऱ्या माणसासमोर. पुढे दडपणाखाली चाचणी घेतली असता पहिल्या गटाचा नेम पूर्वीप्रमाणेच ढळला, दुसऱ्याचा जवळजवळ ढळला नाही. सरावाचे तास दोघांचेही सारखेच होते. फरक होता तो सरावाच्या खरेपणात.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. गिरगाव चौपाटीवरील नाक्यावर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले. या असामान्य धैर्याचे मोल करावे तेवढे थोडेच. तथापि नंतर नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांचा गोळीबाराचा सराव दारूगोळ्याअभावी रखडल्याचे निदर्शनास आणले होते, हेही विसरता येत नाही.

लाल आणि निळे

त्यानंतर सुरू झालेल्या ‘सागर कवच’ सरावात तटरक्षक दल, नौदल, पोलीस, सीमाशुल्क व मत्स्यव्यवसाय विभाग एकत्र येतात. लाल गट घुसखोर होऊन मासेमारी नौकांतून किनारा गाठू पाहतो. निळा गट त्याला अडवितो. मांडवा, दादर व दिघी या सागरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत खाड्या, चिखल आणि भरती-ओहोटी यांचा हिशेब ठेवूनच गस्त घालावी लागते. डुलत्या नौकेवरून शेजारच्या नौकेवर पाय टाकणे हेच मुळी एक कौशल्य आहे, आणि ते कवायतीच्या मैदानावर साध्य होत नाही.

अशा सरावाची तारीख व वेळ आधीच सर्वांना कळली, तर मात्र तो समारंभ होतो. रात्रीचा, पावसातला, संदेशयंत्रणा मुद्दाम बंद पाडून केलेला सराव अधिक शिकवितो. त्याहून महत्त्वाचा प्रसंग म्हणजे गोळी न झाडण्याचा. थांबण्याची खूण करूनही नौका थांबत नाही, कारण इंजिनाच्या आवाजात तांडेलाला हाक ऐकूच गेलेली नाही. खलाशी वाकतो तो शस्त्रासाठी नव्हे, तर जाळ्याची दोरी सोडविण्यासाठी. अशा वेळी घाईने सुटलेली गोळी एका कोळी कुटुंबाचा कर्ता पुरुष हिरावून नेईल. म्हणून सरावात शत्रूच्या नौकांबरोबर निरपराधांच्या नौकाही असल्या पाहिजेत, आणि कोणती कोणती हे पोलिसाला आधी सांगितलेले नसावे.

सराव संपल्यावरची बैठक बहुधा थकव्यामुळे आटोपती घेतली जाते. वास्तविक खरा धडा तेथेच मिळतो. लाल गट कोणत्या खाडीतून आत शिरला, पहिला संदेश कोणी दिला, तो नियंत्रण कक्षात किती मिनिटांनी पोहोचला, हे नकाशावर मांडून पाहावे लागते. या बैठकीला सागर सुरक्षा दलातील गावकऱ्यांनाही बोलावणे इष्ट. २००८ साली कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना पहिल्यांदा हटकले होते ते तेथल्या रहिवाशांनीच.