सुई टोचून घेण्याआधी

चि. सायली हिस,


तुझा एमआरआयचा रिपोर्ट पाहिला. ‘पीआरपीची तीन इंजेक्शनं घेतली की दीड महिन्यात मॅटवर’ असं तुला सांगितलं म्हणतेस. कबड्डीची निवड चाचणी तोंडावर आली की असलं बोलणं गोड लागणारच.

पीआरपी थोतांड नव्हे. आपलंच रक्त यंत्रात फिरवतात, त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला पिवळसर भाग दुखऱ्या जागी टोचतात. त्यातून सुटणारी द्रव्यं जखम भरायला चालना देतात. डोपिंगचीही धास्ती नको. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे ‘वाडा’नं, २०१० साली हे स्नायूत टोचायला बंदी घातली होती, ती २०११ साली काढली.

पण तुझ्या गुडघ्यात बिघडलंय काय ते बघ. आतल्या बाजूचा लिगामेंट, एमसीएल, अर्धवट फाटलाय. तो सांध्याच्या पोकळीबाहेर असतो, रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे पट्टा आणि व्यायामानं बहुधा भरून येतो. दुसरा लिगामेंट, एसीएल, मात्र पूर्ण तुटलाय. तो सांध्याच्या मधोमध, वंगणासारख्या द्रवात असतो. तिथं रक्ताची गाठ टिकत नाही, म्हणून तुटलेली टोकं जुळायला आधारच मिळत नाही. थोडक्यात, एक इंजेक्शनशिवायही बरा होईल आणि दुसरा इंजेक्शननं जोडला जाणार नाही. मग तीन सुयांचे पैसे कशाचे? एसीएल थोडाच फाटला असता तर विचार केला असता, तरी तिथंही पुरावा कच्चाच आहे. उद्या कुणी ‘स्टेम सेल’ म्हणालं तर सरळ उठून ये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असले उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतात, पैसे घेऊन नाही.

एसीएल नसतानाही माणसं सरळ चालतात, ऑफिसला जातात. तुला मात्र चढाईत एका पायावर गर्रकन वळायचंय आणि गुडघा तिथंच सटकतोय. खेळायचं असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. तेही घाईनं नको. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्याची मागची बाजू खाली दाब आणि मांडीचा स्नायू आवळून धर. वाटीच्या वर आतल्या बाजूला बोट ठेवलंस तर तो टणक झालेला लागला पाहिजे. लागत नसेल तर व्यायाम होत नाहीये, नुसती टंगळमंगळ चाललीये.

ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाय अगदी ठणठणीत वाटेल. तुमचे कोच लोक तिथंच फसतात. नवा लिगामेंट मजबूत होण्याआधी काही काळ कमकुवत होतो, आणि नऊ महिन्यांच्या आत पकडीला उतरणं म्हणजे तो पुन्हा तुटायचा धोका ओढवून घेणं. यंदाची चाचणी गेली असंच समज.

शनिवारी इकडे ये. आमच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवू. येताना नुसता कागद नको, एमआरआयची सीडी आण. आणि तोवर कुठंही आगाऊ पैसे भरू नकोस.

तुझी,
मावशी